शहरातली पहिली मशीनची कवळी

जबलपूरच्या नेपियर टाउनमध्ये एका कोचिंग क्लासच्या डोक्यावर ‘सुभेदार डेंटल लॅब’ आहे. खाली पोरं घसा फोडून रसायनशास्त्र पाठ करतात आणि वर विनता सुभेदार लोकांचे दात घासत बसते. तोंडातले नाही, हातातले. वय अठ्ठावन्न, बी.एस्सी., वर दोन वर्षांचा दंततंत्राचा कोर्स, डोळ्यांवर सोनाराचं भिंग, नखांत प्लास्टर. लग्न केलं नाही. का केलं नाही म्हणून विचारणाऱ्या बहुतेकांची तोंडं तिने आतून पाहिली आहेत, त्यामुळे ते दुसऱ्यांदा विचारत नाहीत.

सुभेदारांचा कोणी पूर्वज मराठ्यांच्या काळात इकडे चाकरीला आला म्हणतात. सुभा गेला, आडनाव राहिलं. वडील संरक्षण खात्याच्या कारखान्यात टूलरूममध्ये होते. लोखंडाचा तुकडा जराही कमीजास्त कापला गेला की त्या दिवशी त्यांना जेवण जात नसे. विनताने ती खोड उचलली. धाकट्या अनुपमने वडिलांची स्कूटर उचलली.

दाताच्या लॅबचं काम साधं असतं. डॉक्टर पेशंटच्या तोंडाचा ठसा घेतो, त्याचा प्लास्टरचा साचा पिशवीत घालून लॅबला धाडतो. सोबत चिठ्ठी: ‘वरची-खालची दोन्ही, रंग जरा पिवळट, सोमवारपर्यंत.’ लॅबवाल्याने पेशंट पाहायचाच नसतो. विनताला हे कधीच पटलं नाही. ‘‘साच्याला जबडा असतो, पण जीभ कुठंय? स्वभाव कुठंय?’’ ती डॉक्टरांना विचारायची, आणि माणूस मागवून घ्यायची. माणूस धापा टाकत जिना चढून आला की त्याला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवायचं, मेणात खोचलेले कच्चे दात तोंडात घालायचे आणि सांगायचं, ‘‘आता कोणाला तरी फोन लावा आणि भांडा.’’

‘‘काहून?’’

‘‘गोड बोलताना माणूस जबडा सांभाळून बोलतो. भांडताना जबडा आपल्या जागेवर येतो. लावा फोन.’’

मग बँकेचे मॅनेजर मेव्हण्याशी भांडत, मास्तरीणबाई सुनेशी. विनता पेन्सिल घेऊन समोर बसायची आणि कुठला दात कुठे आपटतो ते बघून मेणावर खुणा करायची. एक बाई गॅस एजन्सीशी अशा भांडल्या की दात आठवड्याने मिळाले, सिलिंडर त्याच दुपारी आला. या पद्धतीला कुठल्या पुस्तकात आधार नाही. पण विनताची कवळी परत येत नसे, आणि पुस्तकवाल्यांच्या येत.

अनुपमचा सिद्धांत वेगळा. जो पहिला, तो राजा. सत्त्याण्णव साली त्याने पेजरची एजन्सी घेतली. त्याच्या म्हणण्याप्रमाणे शहरातली पहिली. कमरेला तीन पेजर लावून तो सराफ्यात फिरायचा, आणि तिन्हींवर निरोप त्याचाच यायचा, कारण ओळखीत दुसऱ्या कोणाकडे पेजरच नव्हता. पेजर मेले. मग सायबर कॅफे. सोळा संगणक, थंड हवा, काचेचं दार. एकही संगणक उघडून दुरुस्त करता येईना, म्हणून दर शनिवारी नागपूरहून माणूस यायचा. शेजारच्याने नंतर चारच संगणक लावले, पण त्याला ते उघडता यायचे. वर्षभरात गिऱ्हाईक तिकडे, थंड हवा इकडे. त्यानंतर लग्नातला ड्रोन. शहरातल्याच अधारताल भागातल्या लग्नाच्या एका लॉनवर तो वरमायेच्या अंबाड्यावरून गेला आणि सरळ कढीच्या पातेल्यात उतरला. आमच्या इथल्या मराठी लोकांत ड्रोन उडवणारा पहिला अनुपम आणि कढीत बुडवणाराही पहिला अनुपमच. दोन्ही मान घरातल्या घरात राहिले.

यातून माणूस काही शिकला असता. अनुपम एवढंच शिकला की आपल्याला उशीर झाला.

इकडे लॅबची घसरण सुरू झाली होती. डॉक्टर लोक आता ठसा घ्यायचं सोडून तोंडात कॅमेऱ्याची दांडी फिरवायला लागले. तोंडाची फाईल तयार होते, ती बटण दाबून इंदूरला जाते, तिकडे मशीन दात छापतं, कुरिअरने चौथ्या दिवशी दात हजर. विनताकडे आठवड्याला पंधरा पिशव्या यायच्या त्या चारवर आल्या. खालचे क्लासवाले जागा मागत होते. त्यांना अजून एक बॅच बसवायची होती. दिवाळीपर्यंत काम वाढलं नाही तर कुलूप लावायचं, हे विनताने मनाशी ठरवून टाकलं होतं आणि कोणाला सांगितलं नव्हतं. चौतीस वर्षांचा धंदा बंद करताना लोक जे तोंड करतात ते तिला बघायचं नव्हतं.

अशात ‘दंतश्री’ आली. पाच दवाखान्यांची साखळी. शहरातली प्रमुख डॉक्टर मेघना पटवर्धन, वय तेहेतीस. मराठी समजायचं सगळं, बोलताना अर्ध्यावर हिंदीत घसरायची. तिचं म्हणणं, कवळ्यांचं सगळं काम इंदूरला पाठवण्यापेक्षा शहरातल्याच एका लॅबला देऊ, पण काम मशीनवरचं पाहिजे, आणि आधी एक कवळी बसवून दाखवा.

अनुपमने हे ऐकलं आणि त्याचे कान उभे राहिले. अधारतालच्या एका लॅबने मशीन बुक केल्याचं कळलं, तेव्हा केसही. त्याने आपल्या वाट्याचा प्लॉट विकला आणि तीन आठवड्यांत थ्रीडी प्रिंटर, स्कॅनर आणि दात कडक करायची निळ्या दिव्याची पेटी लॅबमध्ये आणून ठेवली. मशीन बसवायला आलेला इंजिनिअर सहा दिवस शिकवणार होता. अनुपमने त्याला दुसऱ्या दिवशीच स्टेशनवर सोडलं.

‘‘बाकीचं व्हिडिओ बघून करू,’’ तो म्हणाला.

‘‘काय करून राहिला तू अनुपम?’’ विनताने भिंग कपाळावर सरकवलं. ‘‘मला तीन महिने दे. पन्नास कवळ्या छापून फेकू. हात बसू दे. मग बोलाव तुझ्या डॉक्टरणीला.’’

‘‘ताई, तीन महिन्यांत अधारतालवाला पहिला होऊन जाईल.’’

‘‘होऊ दे ना! पहिला होऊन तुला काय मिळालं आजवर? कढी?’’

‘‘तू प्लीज कढी काढू नको.’’

‘‘मग डॉक्टरणीला काय सांगितलंस?’’

‘‘शनिवारी अकरा वाजता ये म्हणून.’’

त्या दिवशी मंगळवार होता. विनता उठली, हात धुतले, म्हणाली, ‘‘तुझ्या मशीनला मी बोट लावणार नाही,’’ आणि शनिवार सकाळपर्यंत लॅबमध्ये फिरकली नाही. रागावणं तिचा हक्क होता. पण चार दिवस लॅबमध्ये काय चाललंय ते न बघणं हा मूर्खपणा होता, आणि तो तिचा होता. हे तिने पुढे स्वतःच कबूल केलं, तेव्हा आपणही आत्ताच नोंदवून टाकू.

अनुपमला आता एक तोंड हवं होतं. सगळे दात गेलेलं, पण वजनदार. त्याने बापूसाहेबांना धरलं.

बापूसाहेब म्हणजे सिंचन खात्यातले निवृत्त अधीक्षक अभियंता, वय एकोणऐंशी, महाराष्ट्र मंडळाचे चौदा वर्षं अध्यक्ष. उभे राहिले की रुबाब, बोलायला लागले की संकट. त्यांनी कवळी नागपूरला करून घेतली होती. मोठ्या माणसांचे दात गावात होत नाहीत, अशी त्यांची समजूत. आणि ती कवळी बाहेर काढलेली कोणी पाहिली नव्हती. सहा वर्षांपूर्वी पत्नी इंदू गेल्या तेव्हाही माणूस सुतक संपेपर्यंत इस्त्रीचा शर्ट आणि पूर्ण बत्तिशीत होता.

कॅमेऱ्याने तोंडाचा फोटो घ्यायचा तर बापूसाहेबांना कवळी काढून ‘आ’ करा म्हणावं लागणार. ज्या माणसाला ‘आवरा’ म्हणायची चौदा वर्षांत कोणाची छाती झाली नाही, त्याला ‘आ करा’ कोण म्हणणार? अनुपमने वाट काढली. जुनी कवळी स्कॅन केली की मशीन तिची तंतोतंत नक्कल काढतं, असं एका व्हिडिओत होतं.

‘‘बापूसाहेब, फक्त कवळी द्या दोन दिवस.’’

‘‘दोन दिवस?’’ बापूसाहेबांचा चेहरा पडला. दोन दिवस बोळक्या तोंडाने दूधवाल्यासमोर जायचं? मग त्यांनी विचार केला आणि म्हणाले, ‘‘जादाची एक आहे घरात. चालेल?’’

‘‘पळेल!’’ अनुपम म्हणाला.

बुधवारी त्यांनी स्टीलची डबी आणून दिली. आत मऊ फडक्यात गुंडाळलेली कवळी. अनुपमने ती स्कॅन केली, गुरुवारी छापली, शुक्रवारी घासून चकचकीत केली आणि डबी परत पोचती केली. ‘कोणाची?’ हा प्रश्न त्याला पडलाच नाही. बापूसाहेबांनी दिली म्हणजे बापूसाहेबांची.

शनिवारी लॅबच्या दारावर फलक: ‘जबलपुर का पहला डिजिटल डेंचर’. नारळ फुटला. मंडळाची दहाबारा माणसं पोहे आणि खव्याची जिलबी खायला जमली. दातांशी त्यांना घेणं नव्हतं. डॉक्टर मेघना अकराला पाच कमी असताना आली. विनता मागच्या खोलीच्या दारात हाताची घडी घालून उभी राहिली. तिला ‘येऊ नको’ म्हणायची अनुपमची हिंमत नव्हती आणि ‘ये’ म्हणायला तोंड नव्हतं.

बापूसाहेब नवी कवळी घेऊन बाथरूममध्ये गेले आणि आतून कडी लावली. पाच मिनिटांनी दार किलकिलं झालं.

‘‘अनुपम, जरा सैल वाटते.’’

‘‘नवीन जोडा पण चावतोच ना आधी.’’

‘‘चावत नाही रे, लोंबते.’’

अनुपमने खिशातून चिकटवायच्या पावडरची डबी काढली आणि दारातून आत सरकवली. आणखी पाच मिनिटांनी बापूसाहेब तोंडावर रुमाल धरून बाहेर आले. डॉक्टर समोर बसली. सगळ्यांनी मोबाईल वर केले.

‘‘स्माईल कीजिए बापूसाहेब!’’ अनुपम ओरडला.

बापूसाहेबांनी रुमाल काढला आणि हसले.

विनताच्या हातांची घडी सुटली. चेहरा बापूसाहेबांचा, मिशी बापूसाहेबांची, आणि मधून हसत होत्या इंदूवहिनी. वरचा डावा सुळा किंचित वळून शेजारच्या दातावर टेकलेला. असा दात कुठल्या मशीनच्या डोक्यात येणार नाही. तो विनताने लावला होता, दोन हजार आठ साली, इंदूवहिनींच्या सांगण्यावरून. त्यांचा मूळचा दात तसा होता. ‘‘सगळे सरळ करू नको गं,’’ वहिनी म्हणाल्या होत्या. ‘‘सरळ दात घालून घरी गेले तर हे दारातच विचारतील, कोण पाहिजे?’’

विनताच्या लक्षात सगळं आलं. आता करायचं काय? गप्प बसलं तर डॉक्टर दोन मिनिटांत कवळी हलवून बघणार आणि ‘बेकार काम’ म्हणून इंदूरला फोन लावणार. चव्हाट्यावर बोललं तर बापूसाहेबांची अब्रू. दोन्हींत लॅब बुडणार. मग निदान खरं काय ते डॉक्टरणीला कळूनच बुडू दे. ती आपलं नेहमीचं औषध, भांडण, घेऊन पुढे आली.

‘‘बापूसाहेब, मागच्या गणपतीत तुमचं भाषण किती वेळ चाललं?’’

‘‘काय?’’

‘‘पन्नास मिनिटं. दोन माणसं झोपली, आणि एक घरी जाऊन जेवून परत आला, तरी तुम्ही प्रस्तावनेतच होतात.’’

‘‘ताई!’’ अनुपम किंचाळला.

पोहे खाणारे हात थांबले. बापूसाहेब लाल झाले. ‘‘विनता! मी या मंडळासाठी चौदा...’’

‘चौदा’ला वरची कवळी सुटली आणि समोरच्या टेबलावरच्या पोह्यांच्या बशीत पडली. शेवेवर. सुळा वर.

कोणी हसलं नाही, हीच मोठी मेहेरबानी. विनताने टाळ्या वाजवल्या. ‘‘चलो, उरलेली जिलबी खाली क्लासवाल्यांच्या ऑफिसात ठेवली आहे. सगळे खाली. मोबाईलही खाली.’’ तिचा आवाज असा होता की मंडळ जिना उतरलंसुद्धा. वर चौघं राहिले.

बापूसाहेब हाताने तोंड झाकून बसले होते. पहिल्यांदाच ते लहान दिसले.

‘‘इंदूवहिनींची दिलीत ना?’’ विनताने विचारलं.

त्यांनी मान हलवली. मग बोळक्या तोंडाने, जमेल तसं म्हणाले, ‘‘दवाखान्यातल्या लोकांनी काढून माझ्या हातात दिली होती. टाकवेना. मला वाटलं कवळी म्हणजे कवळी. मापाचा फरक तुमचं मशीन काढून घेईल.’’

‘‘तुम्ही इंजिनिअर होतात ना हो?’’

‘‘धरणांचा होतो गं.’’

अनुपम भिंतीला टेकला. ‘‘मतलब हे दात... वहिनींचे? आपण मेलेल्या...’’

‘‘पूर्ण कर वाक्य,’’ विनता म्हणाली. ‘‘नको, मीच करते. मेलेल्या बाईचे दात छापून तिच्या नवऱ्याला घालणारी पहिली लॅब. हा मान आता अधारतालवाला सात जन्मांत घेऊ शकत नाही.’’

डॉक्टर मेघनाने टिश्यूने कवळी उचलली, पोहे पुसले. ‘‘दीदी, एक बात बताइए. तुम्हाला नुसतं बघून कळलं?’’

विनता मागच्या खोलीत गेली. तिथे भिंतभर लोखंडी कपाट होतं. एक्याण्णव सालापासून तिने ज्यांची ज्यांची पूर्ण कवळी केली त्यांचे प्लास्टरचे साचे, एकेकावर साल आणि नंबर. वडिलांची शिकवण: माप फेकायचं नाही. दोन हजार आठच्या फळीवरून तिने एक साचा काढला, फुंकर मारून धूळ उडवली, आणि डॉक्टरसमोर ठेवला. मग मशीनची कवळी त्यावर दाबली. टक. तिने साचा उलटा धरला. कवळी पडली नाही. हलवला. तरी नाही.

‘‘अरे वा!’’ डॉक्टर म्हणाली. ‘‘मतलब मशीन तो परफेक्ट आहे.’’

‘‘मशीन परफेक्टच आहे. इंदूवहिनी असत्या तर आत्ता भुट्टा खाल्ला असता. गाढव आम्ही आहोत. एक हा, ज्याने तोंड न बघता दात केले, आणि एक मी, जी रागावून घरी बसले.’’

‘‘आणि मी,’’ बापूसाहेब हाताआडून म्हणाले.

‘‘तुमचा नंबर पहिला होता, वयामुळे बोलले नाही.’’

डॉक्टर उठून कपाटाशी गेली. एकेक फळी बघत राहिली. कोणाचा जबडा एका बाजूने झिजलेला, कोणाचा तंबाखूने खाल्लेला, कोणाचा सुपारीने घासून सपाट झालेला. ‘‘किती आहेत?’’

‘‘तेवीसशेच्या वर. अर्ध्या लोकांना मी रस्त्यात तोंडावरून ओळखत नाही, जबड्यावरून ओळखते.’’

‘‘देखिए दीदी,’’ डॉक्टर परत येऊन बसली, ‘‘साफ बोलते. आजचा डेमो फेल आहे. पाच क्लिनिकचं काम मी देऊ शकत नाही.’’

‘‘देऊच नका. मी असते तर जिलबीसुद्धा न खाता गेले असते.’’

‘‘पण इंदूरहून दहा सेट येतात त्यातले चार परत जातात. तिकडे मशीन आहे, हे,’’ तिने कपाटाकडे बोट केलं, ‘‘हे नाही. मी एका क्लिनिकचे दहा पेशंट देते. तीन महिने. दोनपेक्षा जास्त सेट परत आले तर बंद. नाही आले तर पाचही क्लिनिक तुमचे. और मशीन आप चलाएँगी, भैया नहीं.’’

‘‘तीन महिन्यांत अधारतालवाला...’’ अनुपमने सुरुवात केली. दोघी एकदम त्याच्याकडे वळल्या. त्याने जिलबीला जायचं निमित्त केलं.

बापूसाहेबांनी इंदूवहिनींची छापलेली कवळी रुमालात बांधून मागून घेतली आणि पाठीमागच्या जिन्याने उतरले. आठ दिवसांनी ते स्वतःहून आले, खुर्चीत बसले, कवळी काढून बशीत ठेवली आणि ‘आ’ केला. विनताने पंधरा मिनिटं बघितलं. चौदा वर्षांत मंडळाला एवढी शांतता मिळाली नव्हती.

पुढचे तीन महिने विनता अठ्ठावन्नाव्या वर्षी माऊस धरायला शिकली. पहिल्या दिवशी तिने एक दाढ पडद्याबाहेर फेकली. ती परत सापडली नाही. स्टेशनवर सोडलेल्या इंजिनिअरला तिने स्वतः फोन करून बोलावलं आणि चार दिवस असं पिळलं की जाताना तो म्हणाला, ‘‘आंटीजी, कंपनीत या, मला सुट्टी मिळेल.’’ सुरुवातीच्या अकरा कवळ्या फुकट गेल्या. बाराव्या कवळीला तिला समजलं की निळ्या दिव्यात रेझिन, म्हणजे दात छापायचा चिकट रस, किंचित आकसतं, आणि जबलपूरच्या मे महिन्यात इंजिनिअरने सांगितल्यापेक्षा जास्त आकसतं. हे कुठल्या व्हिडिओत नव्हतं. तिने वहीत लिहून ठेवलं.

अनुपमला तिने प्रिंटरमधून निघालेले चिकट दात धुवायला बसवलं. पहिल्याच महिन्यात अधारतालच्या लॅबची जाहिरात पेपरात आली: ‘शहर में पहली बार’. अनुपमने ती दोनदा वाचली, घडी करून खिशात घातली आणि दिवसभर दात धूत बसला. कोणी गेल्यासारखं त्याचं तोंड होतं. संध्याकाळी विनताने त्याच्यासमोर चहा ठेवला. ‘‘त्यांना विचार, मे महिन्यात किती आकसतं ते,’’ ती म्हणाली. त्याने विचारलं नाही, पण चहा घेतला.

नऊ सेट गेले. दोन परत आले. एक विनताच्या चुकीने, एक पेशंटच्या. तो कवळीने अक्रोड फोडायला गेला होता. डॉक्टरच्या यादीत दोन म्हणजे दोन. आता दहावा परत आला तर खेळ खलास.

दहावी पेशंट होती ज्योती मिश्रा, अधारतालची, सत्तरीची, गुडघ्यांनी अधू. फाईल आली, बाई आली नाही. जिना चढता येत नाही म्हणे. विनता दोन दिवस पडद्यावरचा तो जबडा फिरवत बसली. माप चोख होतं. काहीतरी चुकत होतं, आणि काय ते फाईल सांगेना. तिने कच्चे दात छापले, पण स्वतः जाता येईना. त्याच दिवशी तिला चिकनगुनियाने धरलं, आता बोटं माऊसवरही वाकत नव्हती.

‘‘दात दे, मी जाऊन येतो,’’ अनुपम म्हणाला.

‘‘तू काय बघणार?’’

‘‘बघतो ना.’’

तो सकाळी दहाला गेला, दुपारी दोन वाजता परत आला. त्याच्या शर्टावर हळदीचे डाग होते. बाईने त्याला जेवल्याशिवाय सोडलं नव्हतं. तो खुर्चीत बसला आणि आपल्याच गालावर बोट दाबत राहिला. विनताला वाटलं, झालं, हा काहीतरी विकून आला.

‘‘ताई,’’ तो म्हणाला, ‘‘तिचं लेकीशी भांडण लावून दिलं मी. अर्धा तास. पण भांडताना काही कळलं नाही. ती रडायला लागली, मग लेकीने जेवायला वाढलं, आणि ती आपले कच्चे दात घालूनच जेवली, तेव्हा कळलं. ती घास उजवीकडे घेते आणि डावीकडे नेऊन चावते. दर घासाला. जुन्या दाताचं दुखणं असेल, सवय लागून गेली. आपली डावी दाढ उंच आहे. तिला तिथेच लागतं.’’

विनता त्याच्याकडे बघत राहिली. ‘‘किती उंच?’’

‘‘ते नाही सांगता येत. मी अर्धी पोळी होईपर्यंत बघत होतो. दहाव्या घासाला ती हात लावते गालाला.’’

‘‘बस इथे,’’ विनताने माऊस त्याच्याकडे सरकवला. ‘‘माझी बोटं चालत नाहीत. दाढ धर. खाली घे. अजून थोडी. थांब. इतकी नको रे, कढीत टाकून राहिला का? हं. आता चाव्याच्या बाजूने जरा तिरकी.’’

संध्याकाळपर्यंत दोघं भांडत दाढ खाली-वर करत बसले. सेट दुसऱ्या दिवशी गेला, ठरल्या तारखेपेक्षा एक दिवस उशिरा. डॉक्टर मेघनाने फोन करून उशिराबद्दल झापलं. विनताने ऐकून घेतलं, हेही पहिल्यांदाच.

त्यानंतरचे पंधरा दिवस लॅबमध्ये फोन वाजला की कोणी ना कोणी दचकायचं. खालच्या क्लासवाल्याने एकदा वर येऊन खोल्यांची मापं घेतली. विनताने त्याला टेप धरायला मदत केली आणि एक फूट कमी सांगितला.

सोळाव्या दिवशी डॉक्टर स्वतः आली. जिना चढून, हेल्मेट हातात. ‘‘ज्योतीजींकडे जाऊन आले.’’

अनुपम उभा राहिला. विनताने भिंग कपाळावर सरकवलं.

‘‘क्या बोलीं?’’ अनुपमने विचारलं.

‘‘दातांबद्दल काहीच नाही. मी विचारलं, तर म्हणाल्या, कौन से दाँत?’’ डॉक्टरने हेल्मेट टेबलावर ठेवलं आणि पर्समधून कागद काढले. ‘‘पाच क्लिनिक. सही इथे, इथे, आणि इथे. दोघांची.’’

विनताने वाकड्या बोटांनी सही केली. अनुपमने पेन हातात घेतलं आणि थांबला. ‘‘डॉक्टर, रंगाचं काय करतात तुमच्याकडे? म्हणजे तुमचा रंगाचा तक्ता मी पाहिला. आपल्याकडच्या लोकांच्या दातांचा पिवळेपणा त्यात बसत नाही. ज्योतीबाईंचे पुढचे दोन जरा जास्तच पांढरे वाटले मला.’’

‘‘सही कर आधी,’’ विनता म्हणाली, आणि भिंग डोळ्यांवर ओढून घेतलं.